परशुराम पेंटरच्या हातची अक्षरं

मित्रांनो, मला हात लावून पाहता येणार नाही, कारण मला अंगच नाही. मी एक जुना फॉन्ट आहे. कॉम्प्युटरमधल्या अक्षरांचं एक घराणंच म्हणा ना! पण माझा जन्म झाला तो ब्रशातून.

कळव्याचे परशुराम पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचे. घाईत चाललेला माणूसही मान वर करून वाचणार, असा त्यांचा हात. पुढे प्लास्टिकचे छापील बोर्ड आले आणि ब्रश कोनाड्यात पडले. तेव्हा वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्याने त्यांची अक्षरं कॉम्प्युटरवर चढवली. तोच मी. किती लग्नपत्रिका, किती अहवाल मी सजवले! लोक म्हणायचे, अक्षर असावं तर असं. मी शेफारलो होतो, खोटं कशाला बोलू?

माझ्यात एक खोट मात्र होती. ज्या कॉम्प्युटरवर मला बसवलंय, तिथेच मी मराठी दिसायचो. दुसरीकडे माझ्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला. पण कागदावर छापून झालं की कोण विचारतो? त्यामुळे ते कुणाला कधी खुपलं नाही.

परशुरामांची मुलगी समिधा त्याच छापखान्यात कामाला लागली. तोवर परशुरामांना विसर पडू लागला होता. आधी माणसांची नावं गेली, मग घरचा रस्ता. एका सकाळी ते अनवाणीच बाहेर पडले, ते परतलेच नाहीत. पोलिसांत कळवून झालं, नातेवाईक धावले. समिधाने आळीतल्या मंडळाच्या वेबसाइटवर एक पान केलं. वर मोठा मथळा, 'परशुराम पेंटर हरवले आहेत', आणि खाली फोटो, फोन नंबर. मजकूर साध्या अक्षरात, मथळा मात्र माझ्यात. बाबांचं नाव बाबांच्याच अक्षरात असावं, असं तिला वाटलं. मीही फुगलो. छापखान्याच्या कॉम्प्युटरवर पान देखणं दिसत होतं. फोनवर उघडून पाहायचं तिला सुचलं नाही. डोकं ठिकाणावर कुठे होतं बिचारीचं! लिंक सगळीकडे फिरली.

शहाड स्टेशनबाहेर दौलतची चहाची टपरी आहे. त्या दुपारी त्याच्या बाकड्यावर एक अनवाणी म्हातारा बोटाने काहीतरी गिरवत बसला होता. दौलतने त्याला चहा दिला आणि आपला मोबाईल उघडला. लिंक आली होती. वर बघतो तर स्क्रीनभर इंग्रजीचा कचरा. व्हायरस असेल, असं समजून त्याने पान बंद केलं. फोटो बोटभर खाली होता हो! चहा संपवून म्हातारा उठून गेला.

तिसऱ्या दिवशी परशुराम उल्हास नदीच्या काठी सापडले, तापाने फणफणलेले. हॉस्पिटलात त्यांनी समिधाला ओळखलं नाही. तिने माझ्या अक्षरांत स्वतःचं नाव मोठं छापून आणलं आणि त्यांच्यापुढे धरलं.  ते 'धा'वर बोट ठेवून म्हणाले, "काना जाड झालाय. कुणी रंगवलंय?"

"तुम्हीच, बाबा."

चार दिवसांनी ते गेले.

शोकसभेची बातमी त्याच पानावर लागली. मथळ्यासाठी समिधा माझ्यापाशी आली, थांबली, आणि प्रत्येक फोनवर दिसतं ते साधं अक्षर तिने निवडलं. शेजारच्या तिघांना आपापल्या फोनवर पान उघडायला लावलं. तिघांनाही वाचता आलं. या वेळी दौलतनेही ते वाचलं, बाकड्यावरचा म्हातारा ओळखला आणि तो शहाडहून शोकसभेला आला. फोटोपुढे त्याने चहाचा एक कप ठेवला.

मित्रांनो, मला कुणी बोल लावला नाही. पण ज्या मथळ्यावर कुणाचा जीव टांगलेला असेल, तिथे माझ्या देखणेपणाला भुलू नका. सगळ्यांकडे असेल, सगळ्यांना वाचता येईल असं अक्षर घ्या, आणि आधी दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा.

मी अजून छापखान्यात आहे. समिधाने मला काढून टाकलेलं नाही. कधीतरी ती मला उघडते, 'परशुराम' एवढंच लिहिते, आणि न छापताच बंद करते.