मागच्या दाराची शिट्टी

कुकरची शिट्टी झाली, दुपारची शांतता मोडली, तरी पाळण्यातला ओम हलला नाही. आमच्या गाडीच्या शिट्टीनं मात्र तो दचकून उठतो. राहुरी सोडून गाडीनं वेग घेतला, की मागच्या दारातून वारा शिट्टी घालतो आणि हा रडत सुटतो. त्यापायी तिसगावला माहेरी जाणं दोनदा राहिलं होतं.

आज फट कुठं आहे ते शोधायला मी गाडीच्या मागच्या दाराच्या रबराला ओमची पावडर लावली, दार लावून उघडलं. चौकटीवर सगळीकडे पांढरा ठसा उमटला, वरच्या कोपऱ्यात रबर टेकतच नव्हतं, तो तेवढा कोरा राहिला. तिथं रबराखाली बोट घातलं, तर काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा!

"आत्या, हे तुमचं काम?" मी सासूबाईंना विचारलं.

"मंग? गाडीला दिष्ट लागू न्हाई म्हनून लपवला. अन् तू बाळाची पावडर लावती गाडीला! आता काजळ बी घाल."

"तुमच्या बिब्ब्यानं तुमचाच नातू रडतोय, आत्या."

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. बिब्बा काढून त्यांनीच पुढच्या बंपरला बांधला.

संध्याकाळी शिट्टी गेली का ते बघायला माझ्या नवऱ्यानं, पंकजनं, आम्हाला घेऊन गाडी नगरच्या रस्त्याला काढली. वेग वाढला, दार गप्प राहिलं आणि ओम माझ्या मांडीवर गाढ झोपला.

"चल, थेट तिसगावच गाठू," पंकज म्हणाला. मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

आमच्या चार वर्षांच्या राजनंदिनीनं दाराला कान लावला.

"आई, वाऱ्याला पण मामाकडं यायचं होतं ना? मग आता तो कशात बसून येणार?"