खिडकीपाशी रिकामी वाट

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी खाट आहे. कोणी मला फार निरखून बघू लागले, की माझ्या मनात पहिली शंका येते, याला माझ्याकडून काय हवे असेल? ही खोड मला अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या एका स्वयंपाकघरात लागली.

मी मेपलच्या लाकडाची. थिओडोशिया प्रॅटच्या वडिलांनी मला नातीसाठी, झिल्फासाठी, घडवले. ती घटसर्पाने गेली, त्या हिवाळ्यात तिच्या आईने, म्हणजे थिओडोशियाबाईंनी, मला खिडकीपाशी ओढले आणि तिथेच ठेवले. माझ्या कडेवर बसून, पावाचे पीठ फुगेपर्यंत, त्यांनी एक कविता लिहिली. ती वर्तमानपत्रात आली आणि देशभर गेली. शाळांत मुले ती म्हणत, आगगाडीत बायका ती वाचून डोळे पुसत. बाईंना पाहायला अनोळखी माणसे येत. मला अभिमान वाटे.

मग दूरच्या गावातले गायनशिक्षक ओबेडाया क्रेन सांगू लागले, की कविता त्यांची, बाईंनी ती चोरली. पाहुण्यांची नजर बदलली. शेजारची हल्दा सफरचंदे सोलायला आली, तीही म्हणाली, "थिओ, राग मानू नकोस हं. पण भांडी घासता घासता असलं सुचतं तरी कधी गं?"

"भांडी घासतानाच."

हल्दा हसली. जाताना मात्र, चोरलेली कविता कुठे दडवली आहे का म्हणून, तिने फडताळाचे दार हळूच उघडून पाहिले. तेव्हापासून मी येणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने बघू लागले.

शेवटी कविता छापणाऱ्या वर्तमानपत्राचे संपादक व्हीलॉक क्रेनना घेऊनच आले. "आज काय तो निकाल लावा," ते बाईंना म्हणाले. "नाहीतर यापुढे कवितेखाली कोणाचंच नाव छापणार नाही."

क्रेन न विचारताच माझ्यावर बसले. मी जोरात करकरले.

बाईंनी वाद घातला नाही. "क्रेनसाहेब, 'खिडकीपाशी रिकामी वाट' ही ओळ तुम्हाला कशी सुचली?"

"अहो, ती साधी वाट नव्हे, आत्म्याची वाट! त्या एका शब्दासाठी मी देवापुढे गुडघे टेकलेत. तुम्हाला नाही कळायचं ते."

व्हीलॉक चपापले. "क्रेन, तो शब्द वाट नव्हताच. खाट होता. आमच्या छापखान्यातल्या जुळाऱ्यानं अक्षराचा खिळा चुकवला. अंक निघाला त्याच दिवशी या बाई बर्फ तुडवत माझ्याशी भांडायला आल्या होत्या. मीच म्हटलं, राहू द्या, वाट बरी वाटते."

"खाट? कुठली खाट?"

"तुम्ही बसलात ती," बाई म्हणाल्या. "उठा."

क्रेन गेले, ते टोपी विसरून. व्हीलॉक ओशाळून म्हणाले, "पुढच्या अंकात शब्दही दुरुस्त करतो."

बाईंनी माझ्या कडेवरून हात फिरवला. "कविता माझी आहे, एवढं छापा. वाट आता लोकांची झाली, ती राहू दे. खाट झिल्फाची आहे."

तरी काही जण म्हणतच राहिले, की संपादक बाईंना फितूर आहे.

पुढे हल्दाला नात झाली, तेव्हा बाईंनी मला तिच्याकडे पाठवले. हल्दाला खरे वाटेना. "परत तर मागणार नाहीस ना?"

"मागेन. नीट ठेवली नाहीस तर."

मित्रांनो, दुसऱ्याच्या जिवाची वस्तू तुमच्याकडे आली, तर तिला कीड लागू देऊ नका, ओल लागू देऊ नका. हल्दाने मला जपले. बाई अधूनमधून येत, माझे सांधे हलवून बघत, आणि निजलेल्या मुलीचे पांघरूण सारखे करून निघून जात.