डाव्या कानशिलातली शीळ

...पेन्सिलीएवढी ती कांडी डाव्या कानशिलावर टेकली आणि तिच्याखालचं गार, चिकट काहीतरी ओघळून कानात शिरायला लागलं. दत्तारामला ते पुसायचं होतं. पण उजवा हात अर्धांगाचा झटका आल्यापासून परक्याचा असल्यासारखा पडलेला, आणि डावा मधुकरने धरून ठेवलेला — धाकटा भाऊ, काळजीपोटीच धरणार, त्याला काय बोलणार... बोलणार म्हणे!

मशीनमधून त्याच्याच रक्ताचा आवाज येत होता. मघाशी उजव्या बाजूला तो भात्यासारखा सुस्त होता. इथे मात्र शीळ घातल्यासारखा, घाईघाईचा. डोक्यातली रक्ताची नळी इथे अरुंद झालीय, डॉक्टरीणबाई सुगंधाला सांगत होत्या. रबरी नळी बोटाने दाबली की पाणी कसं जोरात सुटतं, तसं. दुसरा झटका येऊ शकतो. गोळ्या चुकवायच्या नाहीत, तपासायला येत राहायचं, इस्पितळापासून लांब जायचं नाही. सांगत होत्या त्याच्या बायकोला, आणि कळत होतं सगळं त्याला. साकीनाक्याच्या वर्कशॉपात जन्म काढलेल्याला नळी अरुंद होणं काय शिकवायचं?

पण बोलायला गेलं की तोंडातून एकच निघायचं — व्हय म्हाराजा. पाणी हवंय? व्हय म्हाराजा. दुखतंय? व्हय म्हाराजा. गावच्या देवळात असो की नाहूरच्या चाळीत, गाऱ्हाणं घालायचं ते दत्तारामनेच. देवाकडे मागणारा तो. मागे उभ्या राहिलेल्यांनी फक्त व्हय म्हाराजा म्हणायचं. जे त्याने जन्मात कधी म्हटलं नाही, नेमकं तेवढंच मेल्या नशिबाने शिल्लक ठेवलं. शेजारी हसू दाबायचे. मधुकर मात्र हात जोडायचा. त्याला वाटायचं, देवच बोलतोय.

बाई बाहेर गेल्या तसा मधुकर खाली वाकला.

"दादा, गावाक जावया मां? थंय देवाच्या पायाशी बरो होतलस."

गावाला! जिथे साधा डॉक्टर गाठायचा तर आधी ओढ्यावरचा साकव ओलांडायचा, मग एसटीची वाट बघायची — अरे, मारायला नेतोयस मला... त्याने जीव खाऊन मान हलवली, नाही, नाही. दात आवळले, पण जीभ आपल्या वाटेने गेलीच.

"व्हय म्हाराजा."

मधुकरचे डोळे भरून आले. माणसं मानेपेक्षा तोंडावर विश्वास ठेवतात. पण सुगंधाने मान पाहिली होती. तिने पाहिलं, हे दत्तारामनेही पाहिलं. ती काहीतरी बोलणार होती. तिचे ओठ हललेसुद्धा. मग तिने दिराकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "व्हय."

तो संतापायला हवा होता. संताप आलाही, छातीपर्यंत, आणि तिथेच अडकला... लग्नानंतर मुंबईला कामावर परत यायला निघाला, तेव्हा देवळात त्याने गाऱ्हाणं घातलं होतं — बायको हय रवतली, आवशीक सांभाळतली, तिका बळ दी म्हाराजा. गावी आईपाशी राहशील का, असं तिला विचारलं नव्हतं, विचारतो कोण? मागून सगळ्यांचा एकच आवाज उठला होता. त्या आवाजात ती होती. तिची मान तेव्हा कशी हलली, ते त्याला दिसणं शक्य नव्हतं, तो देवाकडे तोंड करून उभा होता — आणि आता, कानात गार ओघळ घेऊन, तो त्या गर्दीतून तिचा एकटीचा आवाज वेगळा काढू पाहत होता.