गुड्डीचा बिनवासाचा भाऊ

मी बोलतोय. झाकण जरा सैल राहिलंय, म्हणून जमतंय. मी एक लेप आहे. पांढरा, मऊ, क्रीमच्या रिकाम्या डबीत भरलेला. मला काखेत लावतात. दुकानात माझ्यासारख्यांना डिओ म्हणतात. पण मी दुकानातला नाही. मी जबलपूरच्या चेरीतालमध्ये, एका स्वयंपाकघरात, दुधाच्या पातेल्याशेजारी जन्मलो. माझ्या आईचं नाव हर्षा. तिला आधी एक मुलगी आहे, पाच महिन्यांची गुड्डी. म्हणजे मी धाकटा.

मुलगी झाली तेव्हापासून हर्षाला घाम फार येऊ लागला. आंबट, दाट वासाचा घाम. बाळंतपणानंतर होतं असं. ती केमिस्ट्रीची एम.एस्सी., एका खाजगी शाळेत शिकवते. तिला यामागचं कारण तोंडपाठ होतं: घामाला स्वतःचा वास नसतो, काखेतले जिवाणू तो खातात आणि वास सोडतात. पण कारण माहीत असल्याने शेजारी बसलेला माणूस नाकावरचा रुमाल काढत नाही.

ती रजा संपवून शाळेत गेली, तेव्हा स्टाफरूममधल्या एक बाई गोड हसून म्हणाल्या, "मॅडम, आप उधर बैठिए ना, यहाँ पंखा नहीं है." पंखा त्यांच्या डोक्यावरच फिरत होता. मग हर्षाच्या वाढदिवसाला सगळ्यांनी मिळून भेट दिली. चकचकीत कागदात तीन स्प्रे. टाळ्या वाजल्या. प्रणाली नावाची एकच मराठी मैत्रीण होती तिथे, ती नंतर जिन्यात कानाशी लागली, "राग नको मानू हर्षा, पण पोरंही बोलून राहिले."

हर्षाने ते स्प्रे मारून पाहिले. काखेत पुरळ उठलं आणि गुड्डी शिंकांनी बेजार झाली. तेव्हा ती म्हणाली, मीच करते काहीतरी. स्वतःवर तिचा एरवी इतका विश्वास नसतो. वरणात मीठ घातलं की नाही हे ती दोनदा चाखून बघते.

माझ्याआधी दोन भावंडं झाली. पहिलं खाण्याच्या सोड्याचं, खोबरेल तेलात कालवलेलं. त्याने वास मारला, पण कातडीही जाळली. ती दोन दिवस हात कमरेवर ठेवून वर्गात उभी होती, पोरांना वाटलं मॅडम चिडल्या आहेत. दुसऱ्यात तिने सोड्याऐवजी मॅग्नेशियाची पूड घातली, पोट साफ व्हायला देतात ती. ते सौम्य होतं; दुपारपर्यंत मात्र मरून जायचं.

मग मी. माझ्यात मॅग्नेशिया आहे, आरारूट आहे, मधमाशीचं मेण आहे, आणि एरंडेलापासून बनवलेलं जस्ताचं एक मीठ आहे. ते मीठ वासाला धरतं आणि सोडत नाही. मला सुगंध नाही. गुड्डीला त्रास नको म्हणून आईने मुद्दाम घातला नाही.

"अहो, सूंघो ना जरा," तिने संध्याकाळी नवऱ्यापुढे हात वर केला. योगेंद्र रेल्वेत आहे, नुकताच घरी आला होता.

"मले सर्दी झाली आहे, यार."

"खोटं नका बोलू."

त्याने नाक नेलं. परत नेलं. "काहीच नाही येत. कसम से. तू आहेस की नाही तेच कळत नाही."

ती किती हसली! मला वाटलं, मी घरातला लाडका झालो.

शाळेतही जादू झाली. तिला पंख्याखाली जागा मिळाली. प्रणालीने विचारलं, "काय लावून राहिली तू? मलेही दे ना." हर्षा दिवसातून दोनदा मला लावू लागली, रात्री झोपतानाही. भीतीच बसली होती तिला. मला तर एकदा लावलं की मी दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीलाही पुरून उरायचो.

त्याच आठवड्यात गुड्डीने आईला पाजू देणं सोडलं.

छातीशी घेतलं की ती नाक फिरवायची, इकडेतिकडे हुंगायची आणि किंचाळायची. सापडत नाही असं काहीतरी शोधत असल्यासारखी. आजीने, म्हणजे हर्षाच्या सासूने, इंदिराबाईंनी उचललं की गप्प. इंदिराबाईंना हिंगाचा, कापराचा आणि घामाचा मिळून एक वास आहे. त्यांच्या हातून बाटली बिनबोभाट संपायची.

"तुह्याजवळ येतच नाही व पोट्टी," त्या म्हणायच्या. "नोकरीवाल्या आईचं असंच असते. लेकराले समजते, कोण आपलं न् कोण पाहुणं."

डॉक्टर म्हणाले दात येत असतील. हर्षाने मोबाईलवर वाचून वाचून स्वतःला सतरा दोष लावले. तिचं दूध कमी होऊ लागलं. आणि माझं काय चालू होतं? मी तिच्या काखेत बसून आपलं काम करत होतो. जस्ताच्या मिठाला काय कळतं, कुठला वास शरमेचा आणि कुठला आईचा? मला सगळे सारखेच.

एके दुपारी ती शाळेतून आली तर गुड्डी शांत झोपलेली. नाक एका जुन्या गाऊनमध्ये खुपसलेलं. माझ्या जन्माआधीचा, न धुतलेला गाऊन. हर्षा वाकली. गाऊन हुंगला. मग स्वतःची काख हुंगली. हात अर्धा वरच राहिला. मला कळलं की तिला कळलं.

तिने मला त्या दिवशी लावलं नाही. गाऊन घडी करून उशीखाली ठेवला. सकाळी शाळेत जाताना मात्र तिचा हात डबीकडे आलाच. पंख्याखालची खुर्ची डोळ्यांसमोर असावी.

दुपारी परतली तेव्हा गाऊन गच्चीवर दोरीला वाळत होता.

"मी धुतला तो," इंदिराबाई म्हणाल्या. "वास मारून राहिला होता. बाई माणसानं इतकं घाणेरडं राहू नये व."

हर्षा आत गेली, डबी घेऊन आली. तिचा आवाज इतका मऊ झाला होता की मी घाबरलो.

"आई, हा लावून बघा ना. घामोळ्यांवर छान आहे. काखेत, गळ्याला, सगळीकडे लावा."

इंदिराबाई खूश झाल्या. भाकरीला तूप फासावं तसं त्यांनी मला फासलं. घामोळ्यांवर मी खरंच बरा आहे. त्या म्हणाल्या, "कामाची आहे तुही केमिस्ट्री."

संध्याकाळी गुड्डी रडायला लागली. आजीने घेतलं, नाक फिरवलं. आईने घेतलं, नाक फिरवलं. बाटली उडवून लावली. या मांडीवरून त्या मांडीवर, दोघीही बिनवासाच्या, दोघीही परक्या. रडून रडून तिचा आवाज बसला. नुसतं तोंड उघडायचं.

तेवढ्यात योगेंद्र आला, घामाने थबथबलेला. त्याने तिला छातीशी धरलं. ती गप्प झाली आणि त्याच्या बनियनवर तोंड घासत दूध शोधू लागली.

"ये क्या कर रही है?" तो हसला. कुणीच हसत नाही म्हटल्यावर थांबला.

हर्षाने तेव्हा सगळं सांगितलं. स्वतःचंही, सासूचंही.

"म्हणजे तू मुद्दाम लावलं मले?" इंदिराबाईंनी विचारलं.

"हो. तुम्ही माझा गाऊन धुतला म्हणून."

मग दोघींनी खोबरेल आणि बेसनाने मला खरडून काढलं. मी निघालो, पण वास काही हाक मारली की येत नाही. जिवाणूंना पुन्हा वस्ती करायला वेळ लागतो. हर्षाने कूलर बंद केला, पंखाही. रात्री बाटली योगेंद्रनेच पाजली. दुसऱ्या दिवशी तिने शाळेत सुट्टी कळवली. एप्रिलच्या त्या भट्टीत सासू-सून समोरासमोर बसून राहिल्या, आंघोळ न करता, घाम गाळत. मध्ये चटईवर गुड्डी. मी खिडकीत.

"बघू, आधी कोणाकडे येते," इंदिराबाई म्हणाल्या.

हर्षा पुटपुटत होती. मी नीट ऐकलं. "याचा असर मरू दे देवा, याचा असर मरू दे." माझ्या आईने माझ्या मरणासाठी देवाला साकडं घातलं, त्याचा साक्षीदार मीच.

दुपार कलली तेव्हा गुड्डीचं नाक हललं. ती हर्षाच्या बाजूला कलंडली; हर्षाने उचललं तशी काखेशी खोल हुंगली आणि छातीला तोंड लावलं. दूध थोडंच होतं. ती चिडली, चावली, पण सुटली नाही.

"माझ्याकडेच येणार होती," इंदिराबाई तोंड फिरवून म्हणाल्या, आणि कूलर लावायला उठल्या.

"नको, आई. राहू द्या तसंच."

आता मी या खिडकीत वाळत चाललोय. कडेला भेगा पडल्या आहेत. हर्षा शाळेत जाते. पंख्याखालची खुर्ची तिची राहिलेली नाही. प्रणाली दारातच थांबून बोलते. परवा तिने मला मागितलं, तर हर्षाने विचारलं, "तुझ्या घरी कोणी लहान आहे का गं?" आणि दिलं नाही.

वाचणाऱ्यांनो, मला फेकू नका. मी वाईट नाही, मला जे सांगितलं तेच मी केलं. ज्याला वासावरून ओळखणारं घरात कुणीच नाही, अशा एखाद्या माणसाला मला देऊन टाका. मी फार सौम्य आहे. आणि मी खूप टिकतो.