भांड्यांवरचं नाव

वच्छलानं पदर खोचला आणि मांडणीवरची सगळ्यात मोठी परात खाली घेतली.

"आता एकेक करून सगळं अंगणात," ती म्हणाली. "रिकामं केल्याशिवाय घर लागत नाही. भरल्या घरात आवरायला बसलं की नुसती इकडची धूळ तिकडं होते."

"सगळंच जी?" प्रेमलतानं विचारलं.

"सगळंच. चूल तेवढी राहू दे."

प्रेमलता हसली आणि कामाला लागली. सव्वीस वर्षांची, अंगानं काटक, डोळे धुरानं कायमचे लाल. दिवाळीच्या साफसफाईत पायात नकोत म्हणून दोन्ही लेकरं तिनं तिगावला मामाकडं धाडली होती. ब्लॉकच्या कचेरीतली ग्रामसेविका आपल्या घरी आली, आपल्याला घर लावायला शिकवते, याचं तिला कोण अप्रूप! दर दोन खेपांनी ती विचारत होती, "बाई, च्या टाकू का?"

वच्छलाला मात्र चहा नको होता. तिला ह्या घरात कुठली वस्तू कुठं असते हेही विचारावं लागत नव्हतं. मिठाच्या बरणीचा कोनाडा, उखळाची जागा, मागच्या दाराची अडकणारी कडी, सगळ्याकडं हात आपोआप जाई आणि मग ती तो मागं घेई. बारा वर्षांपूर्वी ती ह्याच घरची सून होती.

पंधराव्या वर्षी आली, सतराव्या वर्षी गेली. गेली कसली, घालवली. त्या काळी ह्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. धूर छपराच्या कवेलूंना धडकून खाली येई आणि भिंतींवर बसे. "एक झरोका पाडा ना," असं नव्या सुनेनं एकदा म्हटलं, तर सासू म्हणाली, भिंतीला भोक पाडलं की लक्ष्मी निघून जाते. मग एके दिवशी नवऱ्यानं, मोरेश्वरनं, गल्लीतल्या बायांना आत बोलावलं, काळ्या भिंती दाखवल्या आणि म्हणाला, "पहा, ही गबाळी असं घर ठेवते." त्याच दिवशी तिचं गाठोडं रस्त्यावर आलं. बापानं लग्नात दिलेली, तिचं नाव घातलेली भांडी मात्र आतच राहिली. बाप रामाजी लोधीखेड्याहून भांडी मागायला तीनदा आला. तिसऱ्या वेळी मोरेश्वर ओसरीवरूनच म्हणाला, "भांड्यांवर माझ्या बायकोचं नाव आहे. माझी बायको आत बसली आहे. विचारा तिला, नाव काय म्हणून." आत नवी बायको आली होती, आणि वच्छलाचं सासरचं नाव होतं तेच, प्रेमलता, तिचंही त्यानं ठेवलं होतं. म्हातारा रिकाम्या बैलगाडीनं परत गेला. त्यानंतर तो कुणाच्या लग्नाला गेला नाही, आणि दोन वर्षांत वारला.

बाईच्या जातीनं विसरावं, पोटात घालावं, असं सांगणारे पुष्कळ असतात. त्यांनी आधी आपल्या बापाची भांडी दुसऱ्याच्या मांडणीवर पाहावीत आणि मग शहाणपण शिकवावं!

आणि गंमत अशी, की तिला ह्या घरात बोलावणं मोरेश्वरनं स्वतः धाडलं होतं. ब्लॉकनं 'आदर्श घर' निवडायचं काढलं तसं त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. कापसाची अडत, संत्र्याची बाग, सगळं होतं. साहेबाच्या सहीचा कागद तेवढा भिंतीवर नव्हता. "ग्रामसेविका श्रीमती वच्छलाबाई यांस आमचे घरी पाठविण्याची कृपा व्हावी," असा त्याचा अर्ज तिच्याच टेबलावर आला. लग्नात आपण जिचं नाव बदललं तिचं माहेरचं नाव काय होतं, हे ह्या गृहस्थाला आठवतही नव्हतं. अर्ज वाचून वच्छला इतकी हसली की शिपाई पाहायला आला.

दिवस थोडे उरले होते. राज्यांची फेरमांडणी होऊन येत्या गुरुवारपासून नागपूर मुंबई राज्यात आणि हे पांढुर्णा भोपाळकडं. वच्छलानं नागपूरची बाजू मागितली होती. काटोलच्या बदलीचा हुकूम पिशवीत होता. बुधवारी साहेब हे घर पाहायला येणार, गल्ली जमणार. त्याच गल्लीसमोर एक भांडं उचलायचं, त्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचायचा आणि विचारायचं, ही भांडी कुणाची? एवढं झालं की काटोलची गाडी धरायची. वाक्यं सगळी पाठ होती. बारा वर्षं पाठच करत होती ती.

काम मात्र तिनं चोख केलं. हाताला खोटं काम जमत नव्हतं. रोज लागतं ते हाताच्या उंचीवर, जड ते खाली, सणावारी लागतं ते वर. सरपण जमिनीवर नाही, दगडांवर फळी टाकून त्यावर. म्हणजे वाळवी लागत नाही. डाळींच्या डब्यांत कडुलिंबाचा पाला. पिण्याचं पाणी चुलीपासून लांब. छपरात एक काचेचं कवेलू, म्हणजे भरदिवसा दिवा नको. आणि चुलीच्या वर खिडकी. ती मोरेश्वरनं दोन दिवसांपूर्वीच गवंडी लावून पाडून घेतली होती. सरकारी कागदासाठी लक्ष्मी निघून जायला त्याची आता काही हरकत नव्हती!

"आणि एक," वच्छला अंगणातल्या पसाऱ्याकडं पाहत म्हणाली, "परत आत नेताना प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारायचं, ही माझी आहे का, मला लागते का. जे आपलं नाही ते घरात ठेवायचं नाही. त्यानं घर भरलेलं दिसतं, पण लागत नाही."

"हो जी," प्रेमलता म्हणाली. ती चिंच आणि राख घेऊन भांडी घासायला बसली होती. मोरेश्वर बागेवर होता, संत्र्याचा तोडा चालू होता, अंगणात दोघीच. घासता घासता तिनं पाण्याचा गुंड उचलला, पदरानं पुसला आणि वच्छलापुढं धरला.

"बाई, एक काम करसान का? माझं नाव वाचून दाखवा ना. मले वाचता येत नाही, पण ऐकायले लय आवडते."

"कोणतं नाव?"

"हे काय. सगळ्या भांड्याइवर हाय. लग्नाच्या आधीच त्यायनं माझं नाव घालून ठेवलं होतं. मी आली तं मांडणी भरून माझंच नाव! आमच्या तिगावात कोण्या पोरीचे असे लाड झाले नाहीत." ती लाजली. "सासूबाई जिवंत होत्या तवा लय बोलत. मग मी इथं येऊन बसो आन् नावावर बोट फिरवो. कोणीतरी आपल्यासाठी एवढं केलं म्हणून."

वच्छलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडी बदलायची नव्हती, त्यांवरचं नाव खोडायचं नव्हतं. म्हणून त्यानं बायकोच जुन्या नावात बसवली. डब्याच्या मापाचं झाकण आणावं तशी.

"पुढं बी काही लिवलं हाय," प्रेमलता म्हणाली. "ते म्हणतात, 'सुखी राहो' असं हाय. वाचा ना."

गुंड वच्छलाच्या मांडीवर होता. वाचायचा होता तो बुधवारी, त्याच्यासमोर. ह्या बाईनं तिचं काय वाकडं केलं होतं? 'सुखी राहो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ह्या घरात तिच्या नावानं दहा वर्षं कुणीतरी सुखी होतं, हे तिला सहन झालं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला समोरच्या बाईलाही दुखवायचंच होतं.

"सौभाग्यवती प्रेमलता," तिनं वाचलं.

"हो! मंग?"

"हीस वडील रामाजी यांजकडून. लोधीखेडा. सन एकोणीसशे बेचाळीस."

प्रेमलताचा हात थांबला. राखेचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं.

"माझ्या बाबाचं नाव तं केशवराव. आन् बेचाळीसात मी बारा वर्साची होती." मग गुंडाकडं पाहत, "रामाजी कोण व्हय?"

"माझा बाप."

आता रडेल, वच्छलाला वाटलं. आता म्हणेल, खोटं बोलता तुम्ही. प्रेमलतानं गुंड परत घेतला, बाजूला ठेवला. स्वयंपाकाचा एक गंज उचलला आणि पुढं केला.

"ह्याच्यावर?"

"तेच."

तिनं घागर आणली. "ह्याच्यावर?"

"तेच आहे."

तांब्या, परात, डबे, झारी. एकेक भांडं ती आणत होती आणि पुढं धरत होती, आणि वच्छला आपल्या बापाचं नाव वाचत होती. सातव्या-आठव्या भांड्याला तिचा आवाज खाली गेला.

"पुरे कर गं आता."

"नाही जी. वाचा."

एकवीस भांडी झाली. एकाही भांड्यावर 'सुखी राहो' नव्हतं. प्रेमलता त्यांच्या मधोमध उकिडवी बसली आणि हात झटकत राहिली, राख केव्हाच गळून गेली होती तरी.

"तुमाले किती वर्स होतं हे नाव?"

"दोन."

"मले दहा झाले."

सूड घ्यायला आलेलं माणूस समजूत कशी घालणार? वच्छलानं आपलं विचारलं, "माहेरी काय म्हणत तुला?"

"जयवंता," ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा, हळू, "जयवंता."

"हे बघ जयवंता, बुधवारी साहेबांसमोर मी..."

"तुमी काही बोलू नका, बाई." ती उठली. "तुमी घर लावायले शिकवलं. आता मी लावतो."

बुधवारपर्यंतचे दोन दिवस वच्छलाचे हाल झाले. बारा वर्षांचा डाव आपण एका बाईच्या हातात देऊन बसलो! ती नवऱ्याला सांगेल, तो भांडी लपवेल, साहेबाकडं तक्रार करेल. दांडगाईत तो कुणाला ऐकणारा नव्हता. आणि जयवंताला तरी दुसरं घर कुठं होतं?

बुधवारी साहेब आले, छिंदवाड्याचे, स्वभावानं साधे. मोरेश्वर नवी टोपी घालून फाटकातच उभा होता. साहेबांमागून रजिस्टर घेऊन आलेल्या, चष्मा लावलेल्या खादीच्या लुगड्यातल्या बाईकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. साहेब सोडून त्याला माणूसच दिसत नव्हतं. गल्लीतल्या बाया दारात दाटल्या. पुढं शेजारची म्हातारी गुणवंताबाई होती.

साहेबांनी खिडकी पाहिली, काचेचं कवेलू पाहिलं, डब्याचं झाकण उघडून कडुलिंबाचा वास घेतला. "वाह," ते म्हणाले. मग मांडणीपुढं थांबले. मांडणीवर मातीची चार गाडगी आणि जर्मनची पाच भांडी होती, ओळीनं, लखलखीत. बाकी फळ्या मोकळ्या. खाली भिंतीशी तीन पोती सुतळीनं तोंड बांधून ठेवलेली.

"अवो, पितळ कुठं गेलं?" मोरेश्वर हसत म्हणाला. हसू जरा वाकडंच झालं.

"पोत्यात. सकाळीच भरलं," जयवंता म्हणाली. "बाईनं शिकवलं, जे आपलं नाही ते घरात ठेवायचं नाही."

"बहुत अच्छे!" साहेबांना तो धडाच वाटला. ते खाटेवर बसले, प्रशस्तिपत्राचा कागद मांडीवर घेतला, पेन उघडलं. "गृहिणी का नाम?"

"प्रेमलता," मोरेश्वर घाईनं म्हणाला. "सौभाग्यवती प्रेमलता, लिहा जी."

"ते नाव माझं नाही, सायेब," जयवंता म्हणाली. आवाज चढवला नाही, पण दारातल्या शेवटच्या बाईलाही ऐकू गेलं. "ते ह्या बाईचं हाय. भांडे बी ह्यायच्याच बापाचे हायेत. नाव वापरलेलं होतं, मले माहीत नव्हतं."

मोरेश्वरनं तेव्हा कुठं वच्छलाकडं पाहिलं. चष्म्यामागचे डोळे त्याला ओळखू यायला थोडा वेळ लागला. मग त्याच्या कानापासून गळ्यापर्यंतचा रंग उतरला.

"अव माय!" गुणवंताबाई ओरडली. "ही तं रामाजीची पोरगी!" आणि दारात कुजबुज पसरली. काळ्या भिंती पाहायला त्या दिवशी आलेल्या बाया त्याच होत्या, केस तेवढे पांढरे झालेले.

साहेबांना यातलं निम्मंच कळलं. घरातलं काही असेल म्हणून ते संकोचले आणि कागदाकडं वळले. "तो फिर सेठजी, इनका सही नाम बताइए. क्या लिखूँ?"

मोरेश्वरनं तोंड उघडलं. दहा वर्षं संसार, दोन लेकरं. तोंड उघडंच राहिलं. त्यानं बायकोकडं पाहिलं. ती त्याच्याचकडं पाहत होती, लाल डोळ्यांनी, आणि ओठ घट्ट मिटलेले. दारातल्या बाया पुढं सरकल्या. साहेबांचं पेन कागदावर टेकलं होतं.

वच्छलाची बारा वर्षांची वाक्यं जागच्या जागी राहिली. त्यांतलं एकही लागलं नाही. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात कधी उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. ते तिनं आता घेतलं, सगळ्या गल्लीदेखत.

"सांगा ना, मोरेश्वर," ती म्हणाली. "साहेब थांबून राहिले."