पॅकेजमधला आवाज

राकिया-आपाला पक्षाघाताचा झटका आला त्यातून पाय वाचले. उजवा हात आणि वाचा गेली. किर्गीझस्तानातल्या आमच्या अत-बाशीच्या खोऱ्यात तिचा आवाज ओळखत नाही असं कुणी नव्हतं. जिल्हा रेडिओवर सकाळच्या बातम्या आणि हवामान तीच वाचायची. मेंढ्या वर कुरणात न्यायच्या की अजून खालीच ठेवायच्या, हे लोक तिचं ऐकून ठरवायचे. आता त्या तोंडातून नुसतं "अं" यायचं.

तिची मुलगी बर्मेत, तीही आईला आपाच म्हणायची, राजधानी बिश्केकमधल्या शिवणकारखान्यातलं काम अर्धवट टाकून धावत आली होती. तिने पुठ्ठ्यावर मोठी अक्षरं लिहून आईपुढे ठेवली. म्हणजे बोट ठेवून एकेक शब्द जुळवता येईल. आपाने तो पुठ्ठा डाव्या हाताने उचलून शेगडीत टाकला. जन्मभर बोलण्यावर जगलेली बाई ती.

घरात कुणाला चैन नव्हतं. आपा उठायची, खिडकीपाशी जायची, परत यायची, चमचा टेबलावर आपटायची. बर्मेत विचारायची, "चहा? मीठ कमी पडलं? दार लावू?" आपा मान हलवायची. मग दोघी एकमेकींकडे बघत बसायच्या. आणि मध्येच बर्मेतचा फोन वाजायचा. कारखान्याच्या मुकादमीणबाई विचारायच्या, येतेस की दुसरी बाई बसवू?

अशाच एका सकाळी बर्मेतला तालाय आठवला. तालाय रेडिओवरचा तंत्रज्ञ. संगणकाने किर्गीझ वाचून दाखवावं म्हणून त्याने एक प्रोग्रॅम केला होता आणि त्यासाठी आपाला महिनोन्‌महिने स्टुडिओत बसवून वाक्यं वाचून घेतली होती. नंतर तो रशियात कुठल्याशा खाणीत कामाला गेला आणि त्याचा नंबर बंद झाला. पण प्रोग्रॅम त्याने सगळ्यांसाठी इंटरनेटवर फुकट ठेवला होता. बर्मेतने शोधला, तो अजून तिथेच होता. तिने फोनवर उतरवून घेतला. उघडेना.

ती बाजारात जोमार्तच्या फोनदुरुस्तीच्या टपरीवर गेली.

"हे लिनक्स नावाच्या संगणक-प्रणालीचं पॅकेज आहे," तो चष्मा कपाळावर सरकवत म्हणाला. "तुझ्या फोनला ते कळत नाही. माझ्याकडेही तसला संगणक नाही."

"मग काय करू, बाइके?" तिने दादा म्हणावं तसं विचारलं.

"अशा साइट असतात. पॅकेज वर चढवायचं, ते त्याचं झिप करून देतात. झिप कुठेही उघडतं. पण ऐक—"

ती ऐकायला थांबलीच नाही.

घरी मावशी शायिर आली होती. आपाची धाकटी बहीण, गल्लीच्या टोकाला एकटी राहायची आणि रोज येऊन उपदेश करायची. बर्मेतने सांगितलं तशी तिने पाव खाली ठेवला.

"कुणाची साइट आहे ती?"

"माहीत नाही, ताएजे."

"माहीत नाही, आणि आईचा आवाज त्यांच्या हवाली करायचा? उद्या कुणी त्याच आवाजात मला फोन करून पैसे मागितले तर?"

"तो आवाज आधीच सगळ्या जगासाठी ठेवलेला आहे."

"तालायने ठेवला. तालाय तेव्हाही खुळाच होता."

आपाने चमचा आपटला. गप्प बसा म्हणाली की चढव म्हणाली, दोघींनाही समजलं नाही. बर्मेतने आपल्या सोयीचा अर्थ घेतला.

घरात रेंज तुटक येते म्हणून ती टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी गेली. वारा अंगात शिरत होता. फाइल चढू लागली, अर्ध्यावर थांबली, तुटली. पुन्हा चढवली. या वेळी साइट म्हणाली, फाइल फार मोठी आहे. दुसरी साइट शोधली, तिथे जाहिरातीच इतक्या की खरं बटण कुठलं ते कळेना. तिने चुकीच्या जागी बोट ठेवलं आणि भलतंच काहीतरी उघडलं. तेवढ्यात मुकादमीणबाईंचा फोन आला आणि चढत असलेलं तिथेच अडकलं.

"शुक्रवारपर्यंत सांग," बाई म्हणाल्या. "मी तरी किती दिवस मशीन रिकामं ठेवू?"

"सांगते," बर्मेत म्हणाली आणि फोन ठेवून तिथल्या तिथे फेऱ्या मारू लागली. हात खिशात घालावे तर फोनचा पडदा बघावासा वाटे, फोन बघावा तर बोटं बधिर होत. आपाला घरी मावशीजवळ सोडून आले, तिला आत्ता काही हवं असेल आणि मावशी भलतंच पुढे करत असेल, हाही विचार डोक्यातून जाईना.

तिसऱ्या साइटने फाइल घेतली. बराच वेळ नुसतं चक्र फिरलं. मग खाली झिपचं नाव आलं. ते उतरवून तिने टाकीच्या भिंतीआड बसून उघडलं. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, आणि शेवटी आवाजाच्या फाइलींची न संपणारी रांग. तिने एकीवर बोट ठेवलं.

"नमस्कार. आता ऐका हवामान," आपा म्हणाली. स्पष्ट, खणखणीत.

बर्मेत उतारावरून पळतच खाली आली, पण घराऐवजी आधी जोमार्तकडे गेली. "उघडलं! आता आपाने लिहायचं आणि फोनने तिच्या आवाजात बोलायचं, ते कसं चालू करू?"

जोमार्तने फोन घेऊन पाहिला. मग परत दिला.

"ते चालायचं नाही गं. सकाळी तेच सांगत होतो, तू पळालीस. झिप केलं म्हणजे आतलं सामान बाहेर काढलं, एवढंच. वाक्यं बनवणारा प्रोग्रॅम लिनक्सचा तो लिनक्सचाच राहिला. तुझ्याकडे आली ती नुसती वाचलेली वाक्यं."

"रेडिओवरची?"

"रेडिओवरचीच."

घरी येऊन तिने फोन आईच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. त्या सगळ्या ढिगात "दुखतंय" नव्हतं, "भूक" नव्हती, "बर्मेत" तर नव्हतंच. होतं ते हिमवर्षाव, लोकरीची खरेदी, रस्तेदुरुस्ती. आपा मात्र ऐकत राहिली. फाइलींना तालायने वाक्यांचीच नावं दिली होती. ती वाचायची, बोट ठेवायची, ऐकायची, पुढे सरकायची. जेवायलाही उठली नाही. स्वतःचा आवाज ऐकताना तिचा चेहरा कसा झाला होता, ते बर्मेतला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी आली ती बोलतच आली. "मिळाला ना आवाज? काय उपयोग? मी म्हटलं होतं. आणि तू अशी केस न विंचरता बसतेस, नोकरी घालवतेस, नवरा आधीच घालवलास—"

आपाने फोन उचलला. थोडं शोधलं.

"दुपारनंतर खोऱ्यात जोराचा वारा सुटेल," रेडिओवरची आपा म्हणाली. "पशुपालकांनी वेळेवर घरी परतावं."

मावशी थांबली. "मला हाकलतेस होय?"

आपाने पुन्हा बोट ठेवलं. "पशुपालकांनी वेळेवर घरी परतावं."

आधी मावशीच हसली, मग बर्मेत. आपाचं अर्धंच तोंड हसत होतं, पण खांदे गदगदत होते. त्या दिवसापासून घरात हवामान सुरू झालं. थंडी वाजली की "रात्रीचं तापमान घसरेल". सूप आवडलं नाही की "पिकाची प्रत समाधानकारक नाही". जिथे वाक्य सापडत नसे तिथे आपा अजूनही चमचा आपटायचीच, आणि तसं बरेचदा व्हायचं.

शुक्रवारी मुकादमीणबाईंचा फोन आला. बर्मेत तो हातात धरून ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत चालत राहिली. फोन वाजून बंद पडला.

"मी नाही जात," ती म्हणाली. "तुला असं सोडून कशी जाऊ?"

आपा शोधू लागली. बराच वेळ शोधत राहिली. बर्मेतला वाटलं काही हवंय, म्हणून ती जवळ जाऊन वाकली.

"डोलोन घाट सर्व वाहनांसाठी खुला आहे," फोन म्हणाला.

बिश्केकला जायचं तर तोच घाट.

"आपा, तुझ्याजवळ कोण राहील?"

पाव कापत बसलेल्या मावशीने मान वर न करता म्हटलं, "मी काय मेले? माझी गादी आणून टाकते इथे. हिची बोलणी आता निदान छापील तरी असतात."

आपाने तेच वाक्य पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. बर्मेतने मुकादमीणबाईंना फोन लावला आणि सोमवारी येते म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर ती खिडकीपाशी गेली, परत आली, आणि बॅग शोधू लागली.