एका घरात दोन पूनम

मुकुंदने त्या दोघांना रहाटणीला घरी जेवायला बोलावलं ते निव्वळ कीव येऊन. तो काम करायचा त्या चाकणच्या कारखान्यात नवं मशीन बसवायला आलेले स्ताव्रोस आणि झोरान कित्येक दिवस हॉटेलचं जेवण चिवडत होते. स्ताव्रोस ग्रीसचा, झोरान शेजारच्या उत्तर मॅसेडोनियाचा. कामावर दोघांचं चांगलं मेतकूट जमलेलं.

घरी मात्र ठिणगी पडली. टीव्हीवर युरोपीय संघात नवे देश घ्यावेत की नाही, यावर चर्चा चालली होती. भाकरी मोडता मोडता स्ताव्रोस म्हणाला, "घाई कशाला? आधी आहे तेच घर नीट चालू दे."

"घाई?" झोरान उसळला. "वीस वर्षं आम्ही दारात उभे आहोत! तुमच्यासाठी देशाचं नावसुद्धा बदललं!"

आवाज चढले. मुकुंदची आई सुमनताई बार्शीच्या. इंग्रजी कळत नसलं तरी भांडण कळत होतंच. त्यांनी सुनेला विचारलं, "पद्मा, काय झालं गं? शेंगाचटणी तिखट लागली का?"

पद्मा शाळेत भूगोल शिकवायची. ती हसून म्हणाली, "नाही आई. झोरानच्या देशाचं नाव आधी नुसतं मॅसेडोनिया होतं. ग्रीसमध्ये त्याच नावाचा प्रांत आहे, म्हणून ते अडून बसले. यांनी पुढे 'उत्तर' जोडलं. मग लष्करी युतीत घेतलं, पण संघात अजून नाही. आता दुसराच शेजारी आडवा आलाय."

बोलता बोलता ती थबकली. मग पाहुण्यांकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "माझंही असंच झालं. माहेरचं माझं नाव पूनम. पण नणंदही पूनमच. एका घरात दोन कशा चालणार? म्हणून लग्नात माझी पद्मा झाली."

"पण घरात घेतलं ना?" झोरानने विचारलं.

"त्याच दिवशी!"

झोरानने कपाळावर हात मारला. मुकुंदने चाचरत आईला सगळं सांगितलं.

सुमनताईंचा घास हातातच राहिला. "वाईट वाटलं होतं का गं तुला?"

"तेव्हा वाटलं होतं. तुम्ही हाक मारलीत की मी मागे वळून बघायची, पद्मा कोण म्हणून."

"आणि पुढच्याच वर्षी त्या पूनमचं लग्न झालं. तिच्या सासरच्यांनी तिची वर्षाली केली," सुमनताई म्हणाल्या. "म्हणजे इतकी वर्षं आपल्याकडे एकही पूनम नाही!"

पद्माने हे इंग्रजीत सांगितल्यावर स्ताव्रोसला हसताना ठसका लागला. झोराननेच त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या.

"पूनम म्हणू का आजपासून?" सुमनताईंनी हळूच विचारलं.

"नको आई, पद्मा अंगवळणी पडलीये आता. पण विचारलंत, बरं वाटलं."

सुमनताईंनी पाहुण्यांना दही वाढलं. "यांच्यात आत कुणाला घ्यायचं ते ठरवतं कोण?"

"सगळे मिळून," मुकुंद म्हणाला. "एकानं नाही म्हटलं तरी अडतं."

"एकानं? मग आपल्याकडे एकही लग्न लागलं नसतं! माझ्या लग्नात चुलतसासरे रुसून मांडवातून उठून गेले होते. पंगतीला मात्र परत आले."

मुकुंदने भाषांतर केलं. झोरानने उत्सुकतेने त्याच्याकरवी विचारलं, "समजूत कुणी काढली त्यांची?"

"कुणीच नाही," सुमनताई म्हणाल्या. "भूक लागली त्यांना."